सलग बारा महिने

४ सप्टेंबर

चिरंजीव भागधारक,

असंच लिहायला हवं ना आता? तुझ्या नोटिशीत तू मला 'माननीय व्यवस्थापकीय संचालक महोदया' म्हटलं आहेस. काल टपाल आलं आणि पोटच्या पोराची मी महोदया झाले.

नोटीस दोनदा वाचली. एकदा महोदया म्हणून, एकदा आई म्हणून.

महोदयेला कळलं ते असं. माझी मुदत नोव्हेंबरअखेर संपते आणि त्याच सुमाराला मला सत्तर पुरी होतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पुन्हा त्याच खुर्चीत बसवायचं तर पाऊण मतं लागतात. तुझे चाळीस टक्के मिळाल्याशिवाय ती होत नाहीत, आणि तू ते देणार नाहीस. खुर्ची रिकामी पडली की कारखाना चालवायला माणूस नाही असं बँकेला सांगायचं आणि बटणांचा कारखाना त्या इमारती बांधणाऱ्याच्या घशात घालायचा. मी माझ्या जागी सुनेला नेमीन म्हटलं तर त्याचीही तजवीज तू केलीस : ती परकीय नागरिक आहे, तिला नेमता येत नाही. आणि माणूस हवाच असेल तर तू स्वतः 'तिथून जबाबदारी स्वीकारण्यास तयार' आहेस. किती उपकार!

वकीलकाकांना बोलावलं. तुला खांद्यावर घेऊन लाकडी चकत्यांच्या ढिगावर सोडून द्यायचे, तेच. आता जिना चढताना मध्येच थांबतात आणि भिंतीवरचं काहीतरी बघतोय असं दाखवतात.

"वहिनी, चिरंजीवांनी अर्धंच कलम वाचलंय," ते म्हणाले.

"उरलेलं अर्धं काय म्हणतं?"

"परकीय माणूस नेमता येतो. फक्त नेमणुकीच्या आधी तो सलग बारा महिने इथे राहिलेला हवा, आणि कामासाठी आलेला हवा. तेवढं असलं की साधं बहुमत पुरे, ते तुमच्याकडे आहे. नसलं तर सरकारची खास परवानगी. ती येईपर्यंत तुम्ही-मी असू की नाही, देव जाणे."

"आणि जो इथलाच आहे, पण तिकडचं नागरिकत्व घेऊन तिकडेच बसलाय?"

"तोही परकीयच की! त्यालाही बारा महिने." काका इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

मला वाटायचं कायदा म्हणजे कोरडं लाकूड. हा तर बरा निघाला. जन्म कुठे झाला, आडनाव काय, रंग कोणता, काही विचारत नाही. गेलं वर्षभर कुठे होतास, एवढंच विचारतो. अरे, मीही तुला तेवढंच विचारत होते.

तू कारखाना सोडून तिकडे गेलास, ती इथे राहिली; तू तिच्या देशात आणि ती तुझ्या, अशी तुमची अदलाबदल झाली आहे. गेल्या नोव्हेंबरात ती आईला भेटायला आणि तुला परत आणायला गेली. 'मी येत नाही, तूही जाऊ नकोस' हे तुझ्या तोंडून ऐकलं आणि एकटी विमानातून उतरली. मी न्यायला गेले होते. म्हणाली, "आई, सोमवारी नवं लाकूड येतंय ना?" बस, एवढंच. त्या दिवसापासून ती इथून हललेली नाही. विसाव्या नोव्हेंबरला वर्ष भरतं.

निवड विभागातल्या बायका तिला अजून 'पाहुणी' म्हणतात. "पाहुणी आली, हात चालवा गं!" तिची भाषा त्यांच्याकडूनच आलेली आहे, त्यामुळे मागच्या महिन्यात बँकेच्या साहेबांना ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "दादा, तोंड का पाडून बसलाय? व्याज देतोय ना वेळेवर?" साहेबांनी चहा मागवला. तुझ्या वेळी कधी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

आता आई म्हणून वाचलं ते. शेवटच्या पानावर तू वस्तू मागितल्या आहेस. घड्याळ, पुस्तकांची पेटी, आणि 'एक लाकडी बटण, चौथं भोक वाकडं'. हे वाक्य तुझ्या वकिलाचं नाही. ते तू सांगून घातलंस.

आपल्याकडे नवा माणूस आला की त्याच्या हातून उतरलेलं पहिलं बटण, कसंही असो, त्याच्या एप्रनवर वरून दुसऱ्या जागी शिवायचं, ही तुझ्या आजोबांपासूनची रीत. बाबांचं तसं होतं, माझं आहे, पाहुणीचंही आहे (कडेला टवका उडालेलं). तू सुट्टीत येऊन यंत्रावर बसलास तेव्हा बाबांनी तुझं बटण उजेडात धरलं आणि म्हणाले, "नापास." तू रडलास. मिस्त्री म्हणाले, "मालक, दोरा जातोय ना चारीतून? मग पास." मी ते तुझ्या एवढ्याशा एप्रनवर शिवलं. एप्रन आखूड झाला तेव्हा बटण काढून पर्समध्ये ठेवलं. अजून आहे.

घड्याळ आणि पेटी पाठवते. बटण मिळणार नाही.

महोदया


२७ सप्टेंबर

चिरंजीव,

तुझ्या सासूबाईंच्या हृदयाची झडप बदलायची आहे. तू त्यांच्याच गावात राहतोस. तुला कळलं नसेल असं मी धरून चालते. दुसरं काही धरून चालायला मन होत नाही.

फोन आला तेव्हा आम्ही दोघी तळघरात, बटणांना चकाकी आणणाऱ्या मेणाच्या फिरत्या पिंपापाशी होतो. तिने फोन खिशात ठेवला, पिंप थांबवलं, बटणं ओतून घेतली, पाखडली, आणि मग वर जाऊन बॅग काढली. मी मागोमाग गेले.

"जा," मी म्हटलं. "खुर्ची गेली खड्ड्यात. आई आहे ती."

"एक रात्र बाहेर काढली तर?"

"तर मोजणी पहिल्यापासून. काकांना विचारलं होतं मी."

ती बॅगेत कपडे भरत होती आणि मी एकेक घडी सरळ करून देत होते. तिने आईला कळवायला फोन लावला. त्या बाई ट्राम चालवायच्या, तुला माहीत आहेच. आयुष्यभर घंटा वाजवून माणसं बाजूला केली त्यांनी. फोन कानापासून लांब धरूनही आवाज मला ऐकू येत होता. भाषा कळली नाही, पण चढावर ट्राम अडली की चालकाचा जसा लागतो तसा सूर होता.

"काय म्हणतात?"

पाहुणी बॅगेवर बसली. "म्हणते, आलीस तर दार उघडणार नाही. म्हणते, त्या माणसाने तुझं घर मोडलं, आता माझं हृदय तुझी खुर्ची मोडणार असेल तर मी ऑपरेशनच करत नाही. म्हणते, वर्ष पुरं कर."

"आणि भूल उतरल्यावर उशाशी कोण असणार?"

"शेजारीण येईल म्हणते. शेजारणीला ऐकू येत नाही, आई."

मी खिडकीशी उभी राहिले. खाली मालाची गाडी लागली होती, बायका खोकी देत होत्या. तुझे बाबा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी मी होते. तू विमानात होतास. ते मी तुला कधी ऐकवलं नाही, आजही ऐकवत नाही. पण रिकामी उशी कशी दिसते ते मला माहीत आहे.

"तुझी आई माझी कोण लागते?" मी विचारलं.

"विहीण."

"तुला दार उघडणार नाही. मला उघडेल. विहिणीला दारातून परत पाठवायची हिंमत अजून कुठल्या बाईला झालेली नाही."

"आई, तुम्हाला इथला रस्ता ओलांडायला माझा हात लागतो!"

"तिथे ट्राम आहे. आणि मला कुठे कोण सलग मोजतंय? मी इथली नागरिक, हवी तितकी भटकेन."

संध्याकाळी वकीलकाकांना सांगितलं, तर म्हणाले, "वहिनी, कायद्यात असं कुठेच लिहिलेलं नाही."

"काय?"

"की सासूने जाऊ नये."

तेव्हा चिरंजीव, तू आपल्या नोटिशी कारखान्याच्या पत्त्यावर पाठवत राहा. पाहुणी घेईल सही करून.

आई


११ ऑक्टोबर

ढापण्या,

पाकिटावरचं तिकीट बघून चष्मा वर सरकवलास ना? ते तुमच्याच गावचं आहे. मी इथे आहे.

ऑपरेशन झालं. झडप नीट बसली. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

पहिल्या दिवशी मी वॉर्डात गेले तेव्हा त्या उशीला टेकून खिडकीबाहेरच्या रुळांकडे बघत होत्या. मी वाकून हसले. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं आणि एक शब्द बोलल्या. मी पाहुणीला फोन लावून विचारलं.

"म्हणते, बारीक आहे."

"त्यांना सांग, त्या नाहीत."

फोनमधून ते त्यांना पोचलं. त्या अशा हसल्या की नर्स धावत आली आणि आम्हा दोघींना रागावली. त्यानंतर आमचं जमलं.

बोलायचं तर काही साधन नाही. पाहुणी काम संपल्यावर फोनवर असते तेवढाच वेळ शब्द. बाकी वेळ आम्ही दोघी आपापल्या भाषेत बोलतो आणि कोणी कोणाला अडवत नाही. मी त्यांना तुझं लहानपण सांगते, त्या बहुधा ट्रामचं सांगतात. मध्येच दोघी एकदम गप्प होतो. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आम्हाला सायंकाळी अशाच बसवायच्या, हातात शिवण देऊन, न बोलता. तेव्हा शिक्षा वाटायची. आता वाटतं, त्या बायकांना एकमेकींच्या शेजारी बसायचं दुसरं निमित्त नव्हतं.

त्यांच्याकडे एक करडा लोकरी स्वेटर आहे, पुढून उघडा, चालकांच्या गणवेशाचा. ऑपरेशननंतर पहिल्यांदा उठून बसवलं तेव्हा तोच हवा म्हणाल्या. छातीवर नव्या टाक्यांची रेघ, आणि नेमकं तिथेच स्वेटरचं बटण तुटलेलं. नर्सने पिन लावली. मला ते बघवेना. बटणांच्या कारखान्याची बाई समोर बसलेली असताना पिन! मी पर्स उघडली. सुई-दोरा असतोच. एक बटण होतं, ते लावलं. मेळ बसत नव्हता, रंगही वेगळा, पण त्यांनी अंगठ्याने चाचपलं आणि मान हलवली. पास.

त्यांनी मला बिलाच्या मागे नकाशा काढून दिला आहे. रुग्णालय, त्यांचं घर, आणि तुझं घर. तुझ्या घरावर त्यांनी फुली मारली आहे, म्हणजे खूण की काट, ते विचारलं नाही. रुग्णालयापासून तुझ्या घरापर्यंत तीन थांबे आहेत. काल मी ट्रामने तिथवर गेले, उतरले नाही. तुझ्या दुसऱ्या मजल्यावर पडदे नाहीत. थंडी पडेल आता, पडदे लाव.

मी वर येणार नाही. हट्ट म्हण. तू मला महोदया म्हणालास म्हणून नव्हे. मी इथे तुझी आई म्हणून आलेलेच नाही, तिची सासू म्हणून आले आहे. एका फेरीत एकच काम.

सायंकाळी भेटायची वेळ असते. मी अजून चार-पाच दिवस आहे. नंतर फक्त त्या आहेत, आणि ऐकू न येणारी शेजारीण. तुला वाटलं तर ये. नाही वाटलं तर निदान हे जाणून घे, की तुझ्या सासूच्या उशाशी बसायला समुद्रापलीकडून बाई आली, तीन थांब्यांवरून कोणी आलं नाही.

आई


२९ नोव्हेंबर

ढापण्या,

सभा काल झाली. निकाल तुझ्या तरुण वकिलाने कळवला असेलच. मी बाकीचं सांगते.

तो चांगला मुलगा आहे, पण त्याचे बूट फार वाजतात. मोठ्या टेबलाच्या एका बाजूला तो, समोर मी, पाहुणी, वकीलकाका. पाहुणी एप्रन घालूनच आली होती. मी म्हटलं, अगं कोट तरी घाल. म्हणाली, "कारखाना चालवायचाय आई, लग्नाला जायचंय का?"

तुझ्या वकिलाने पासपोर्ट मागितला. प्रत्येक पान उलटलं. गेल्या नोव्हेंबरातला येण्याचा शिक्का, त्यानंतर कोरं. उलटून पुन्हा उलटलं. मला वाटलं, त्याच्या बोटांखाली आता नवा शिक्का उमटतो की काय.

मग म्हणाला, "राहण्याचा प्रश्न नाही. पण कायद्याला कामासाठी आलेली व्यक्ती हवी आहे. या पत्नी म्हणून आल्या आहेत."

काकांनी व्हिसाच्या पानावर बोट ठेवलं. "कारण वाचा मोठ्याने."

"नोकरी," तो म्हणाला.

"नवऱ्यासाठी आली असती," काका म्हणाले, "तर नवऱ्याबरोबर गेली नसती का हो?"

दाराबाहेर निवड विभाग उभा होता, कान लावून. तिथून कोणीतरी फस्सकन हसलं. तुझा वकीलही हसला बिचारा, मग कागदात तोंड घातलं. मत झालं. साठ विरुद्ध चाळीस. साधं बहुमत.

खुर्चीत बसण्याआधी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तुम्ही कुठे बसणार?" मी म्हटलं, "खिडकीपाशी. इतकी वर्षं त्या खिडकीकडे पाठ करून बसले, बाहेर काय दिसतं ते बघू दे." बाहेर मालाची गाडी दिसते, आणि त्या इमारतवाल्याने कुंपणापलीकडे लावलेला त्याचा फलक. तो तिने सकाळीच पत्र लिहून काढायला सांगितला आहे. तिच्या पहिल्या सहीचं पहिलं पत्र. बायका म्हणतात, पाहुणीने पाहुण्याला हाकललं.

हरलास तू. ते मी गोड करून सांगणार नाही. आजोबांच्या यंत्रांवरून बुलडोझर गेला नाही याचा मला आनंद आहे, आणि तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. तुझे चाळीस टक्के तुझेच आहेत. वर्षाला नफा निघाला तर तोही येईल. पण तुला कारखान्यात यायचं असेल तर आता तिची परवानगी लागेल, आणि देशात यायचं असेल तर व्हिसा. अर्जात भेटीचं कारण विचारतात. काय लिहायचं ते नीट विचार करून लिही. त्या एका शब्दावर बरंच अवलंबून असतं, हे आपण सगळेच शिकलो. खोली तुझी तशीच आहे. पलंगावर निवड विभागाची रिकामी खोकी ठेवली आहेत, ती आलास की उचलू.

आता शेवटचं.

मी निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी तू रुग्णालयात गेला होतास. विहीणबाईंनी पाहुणीला सांगितलं. वॉर्डाच्या दारात फुलं घेऊन उभा राहिलास, आत बघितलंस, आणि फुलं नर्सच्या टेबलावर ठेवून परत गेलास. त्यांना तू दिसलास हे तुला कळलं नाही. ट्राम चालवणाऱ्या बाईला आरशातून मागचं दिसतं, राजा. फुलं त्यांनी घरी नेली. सुकली तरी टाकली नाहीत म्हणे.

दारातून परत फिरलास. अजून चार पावलं आत गेला असतास तर तुझी नोटिशीतली मागणी तिथल्या तिथे पुरी झाली असती. त्या करड्या स्वेटरवर, छातीच्या टाक्यांच्या बरोब्बर वर, वरून दुसरं. चौथं भोक वाकडं.

पर्समध्ये तेवढं एकच होतं.

त्या आता घरी आहेत, ट्राम डेपोच्या वरच्या माळ्यावर, तुझ्यापासून तेही तीनच थांबे. जा आणि माग. देतील की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवायचं, माझा त्यात काही अधिकार नाही. नुसतं ओढून बघू नकोस. सिस्टरांनी शिकवलेला टाका आहे, आणि मी दोरा दुहेरी घेतला आहे.

आई